दोन कार्यक्रमांच्या मधला माणूस

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलांच्या हाती मोबाइल किती वेळ असावा, या विषयावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत सध्या जी चर्चा चालू आहे, ती मी नियमाने वाचते. अर्धा तास की एक तास, जेवताना द्यावा की देऊ नये, कार्टून चांगले कोणते आणि वाईट कोणते, अशा सर्व अंगांनी पालकांनी पोटतिडकीने लिहिले आहे. एका गोष्टीचा उल्लेख मात्र मला कोठेच आढळला नाही. एक कार्यक्रम संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या दोहोंच्या मधल्या मिनिटा-दोन मिनिटांत मुलाशी कोण बोलते, हा तो प्रश्न. पूर्वी त्या जागी एक माणूस बसलेला असे. तो उठून गेल्यामुळे बरेच काही बिघडले आहे असे माझे मत असल्याने हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. लांबण लागल्यास क्षमा असावी. पंचवीस वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलेल्या बाईला थोडक्यात सांगण्याची सवय राहत नाही.

१९८५च्या ऑगस्टमध्ये पतींच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या एका गावी राहायला गेलो. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. मराठी ती चुरुचुरु बोलत असे. इंग्रजीत तिला स्वतःचे नाव, चार फळे आणि ‘थँक यू’ एवढेच येत होते. शाळा दुपारी साडेतीनला सुटे, बाहेर पावसाची रिपरिप चालू असे आणि शेजारपाजारची मुले दारे लावून घरात बसलेली असत, त्यामुळे चारच्या सुमारास तीही टीव्हीपुढे बसू लागली. आम्ही पोहोचून काही दिवस होतात न होतात तोच, ९ सप्टेंबर १९८५ रोजी, बीबीसीने मुलांच्या कार्यक्रमांच्या मांडणीत एक बदल केला. तोपर्यंत तेथे मुलांचे कार्यक्रम एकामागून एक लागत, आणि मध्ये पडद्यावर बीबीसीचे बोधचिन्ह दिसत असताना न दिसणारा निवेदक पुढच्या कार्यक्रमाचे नाव सांगून मोकळा होई. प्रतिस्पर्धी आयटीव्हीने जानेवारी १९८३पासून मुलांचा दुपारचा वेळ एका नावाखाली बांधला होता आणि कार्यक्रमांच्या मध्ये बोलण्यासाठी दर महिन्याला एक नवा निवेदक पडद्यावर आणायला सुरुवात केली होती. त्या दोन वर्षांच्या आघाडीला बीबीसीने दिलेले हे उत्तर होते.

हे उत्तर अतिशय स्वस्तातले होते, आणि माझ्या पुढच्या म्हणण्याचा सारा भार या स्वस्ताईवर आहे. पश्चिम लंडनमधील टेलिव्हिजन सेंटर या इमारतीत निवेदकाची एक छोटीशी खोली होती. दिवसभर येथूनच न दिसणारे निवेदक आपला आवाज देत असत. एक मेज, आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या, एक खुर्ची, एवढेच त्या खोलीतले सामान. त्याच खोलीत एक स्थिर कॅमेरा लावण्यात आला आणि फिलिप स्कोफिल्ड नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला त्या खुर्चीवर बसवण्यात आले. कॅमेऱ्यामागे माणूस नव्हता, रंगभूषाकार नव्हता, पाठीमागे नेपथ्य म्हणावे असे काही नव्हते. आवाजाच्या सरकपट्ट्या तो बोलता बोलता स्वतःच हलवी. जागा इतकी अरुंद होती की तिला केरसुण्या ठेवण्याच्या कपाटाचे नाव पडले, आणि ब्रिटनमध्ये त्या पिढीतली माणसे ती खोली आजही ‘ब्रूम कबर्ड’ याच नावाने ओळखतात. भिंत बोडकी दिसू नये म्हणून मुलांनी पाठवलेली चित्रे आणि वाढदिवसाची कार्डे तीवर चिकटवली जात. काही महिन्यांत भिंत दिसेनाशी झाली.

आमच्या घरी त्याचे नाव ‘कपाटातला दादा’ असे पडले. एका संध्याकाळी मुलीने मला विचारले, “आई, तो दादा मला दिसतो, तशी मी त्याला दिसते का गं?” नाही म्हटल्यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग त्याला कसं कळतं की मी आहे?” तिच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला तेव्हा देता आले नाही. शिक्षिका म्हणून मी त्यावर पुढे बराच विचार केला आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की कार्टूनमधली पात्रे आपापसात बोलतात, गोष्टीतली मुले आपापसात बोलतात, आणि घरी बसलेले मूल ते सर्व खिडकीतून डोकावल्यासारखे पाहत असते. त्याच्याकडे तोंड करून, आज सोमवार आहे, बाहेर पाऊस आहे, तू आत्ताच शाळेतून आला असशील, असे बोलणारा त्या दोन तासांत एकच माणूस असे, आणि तो कार्यक्रमांच्या मध्ये असे. माझ्या मुलीचे इंग्रजी कार्टूनवर सुधारले, असे आमच्या परिचितांना वाटे. मला त्याच्या बरोबर उलट दिसत होते. कार्टूनच्या वेगाला ती फक्त हसत असे. कपाटातल्या दादाचे शब्द ती दुसऱ्या दिवशी तोंडात घोळवत असे, कारण तो माणसाच्या वेगाने बोलत असे, अडखळत असे, चुकला तर चुकलो म्हणत असे.

तो अडखळे यामागे कारण होते. बीबीसी परवान्याच्या शुल्कावर चालते, तिच्यावर जाहिराती नसतात, त्यामुळे कार्यक्रम कमी लांबीचा निघाला तर जाहिरातींनी भोक बुजवण्याची सोय नाही. मुलांचे कार्यक्रम तर सर्व मापांचे: पाच मिनिटांचा बाहुल्यांचा लघुपट, परदेशातून विकत घेतलेली पंचवीस मिनिटांची मालिका, मग कधी त्याहून आखूड काहीतरी. इकडे पाचच्या ठोक्याला मुलांसाठीच्या बातम्यांचा ‘न्यूजराउंड’ हा १९७२पासून चालत आलेला कार्यक्रम लावायचा असे. मधली चाळीस सेकंदे किंवा तीन मिनिटे, जे काही उरेल ते, या माणसाने एकट्याने थेट प्रक्षेपणात भरून काढायचे. कानातल्या यंत्रातून कोणीतरी उलटे आकडे मोजत असणार, आणि हा हातातले पत्र वाचून संपवत शेवटच्या आकड्यावर पुढच्या कार्यक्रमाचे नाव उच्चारणार. आपल्या दूरदर्शनवर अशा वेळी पडद्यावर पाटी येई, किंवा ज्याला तेथील मंडळी ‘फिलर’ म्हणत त्या नावाखाली फुलांचे वा समुद्राचे चित्रीकरण वाद्यसंगीतासह लावले जाई. गरज दोन्हीकडे तीच, ठिगळाचे कापड तेवढे वेगळे.

या खोलीत त्याच्या जोडीला एक बाहुली होती, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. गॉर्डन नावाचा एक गोफर, म्हणजे खारी-उंदरांच्या कुळातला प्राणी, मेजाच्या कडेवरून डोके वर काढी. मेजाखाली बसलेल्या कोणाचा तरी हात त्याला हलवी. आपल्या मराठी मुलांना बाहुला म्हटला की रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव आठवतात, आणि अर्धवटराव म्हणजे तोंडाळ. माणसाला बोलू न देणारे. गॉर्डन मात्र बोलतच नसे. तो फक्त चूं चूं करी, आणि तो काय म्हणाला ते निवेदकाला सांगावे लागे. त्यामुळे पाहणाऱ्या मुलाला, ‘नाही, तो तसं म्हणालाच नाही,’ असे ओरडता येत असे, आणि आमच्या घरी ते रोज ओरडले जाई. पुढे १९८८मध्ये अँडी क्रेन या निवेदकाच्या जोडीला एड नावाचे हिरव्या तुऱ्याचे बदक आले, तेही शब्द न बोलणारे. ते इतके लोकप्रिय झाले की १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी ब्रिटिश चमूचे शुभचिन्ह म्हणून त्याची निवड झाली. कार्यक्रमांच्या मधल्या फटीत जन्मलेल्या बाहुल्याने एवढी मजल मारावी, याची मला आजही गंमत वाटते. शेजारच्या आयर्लंडमध्येही १९८६पासून याच धर्तीचा एक उपक्रम होता, आणि त्यातल्या डस्टिन नावाच्या बाहुल्याने, म्हणजे एका टर्की पक्ष्याने, २००८च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व केले. तो उपांत्य फेरीतच गारद झाला ते सोडा.

माझ्या मुलीनेही एक चित्र पाठवले होते. ते भिंतीवर लागले की नाही हे कधीच कळले नाही, कारण निवेदकाच्या खांद्यामागे जेवढी भिंत दिसे तेवढीच आम्हाला दिसत होती. तरी पुढचे दोन महिने ती रोज टीव्हीला नाक लावून भिंतच पाहत होती.

हे वाचून, ही बाई परदेशाचे गोडवे गाते आहे, असे कोणाला वाटेल, म्हणून आपल्याकडचेही सांगते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते आम्हा पुणेकरांनाही दिसू लागले. आमच्या वाड्यात एकच संच होता आणि त्यापुढे वाड्यातली सगळी मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसत. ‘किलबिल’ लागण्याआधी निवेदिका पडद्यावर येई, मान किंचित झुकवून नमस्कार करी आणि कार्यक्रमाचे नाव सांगे. तिचा पदर, केसांतला गजरा आणि शब्दोच्चार यांवर वाड्यातल्या बायका दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा करीत. त्या निवेदिकांचे मराठी आजच्या कोणत्याही वाहिनीवर ऐकू येणार नाही इतके स्वच्छ होते, आणि त्यांची कला आपण पुरेशी नोंदवून ठेवली नाही, ही खंत आहेच. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असत हे आज लहान मुलालाही ठाऊक असते. मुलांच्या कार्यक्रमांआधी कोण येत असे, हे मात्र सांगणारे फारसे कोणी उरले नाही.

तरीही एक उणीव तेव्हाही जाणवत असे. आपल्याकडे मुलांना उद्देशून बोलायचे म्हटले की ‘बालमित्रांनो’ हा शब्द आपोआप तोंडी येतो. आकाशवाणीच्या बालोद्यानातून तो दूरदर्शनवर आला आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून तो आजही ऐकू येतो. हा शब्द व्यासपीठावरचा आहे. त्यात समोर शंभर मुले बसलेली असतात आणि बोलणारा त्यांच्याहून दोन पायऱ्या वर उभा असतो. टीव्हीपुढे बसलेले मूल मात्र एकटे असते, फार तर एखादे भावंड शेजारी असते. कपाटातला दादा एकाच मुलाशी बोलल्यासारखा बोलत असे. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद नसल्यामुळे त्याला ते सोपे गेले असेल. पण आपल्याकडे तर ‘तू’ हा शब्द हाताशी तयार आहे, आणि त्याच्या सोबतीला दादा, ताई, मावशी, आजोबा ही सगळी नाती आहेत. मराठीत मुलांचे निवेदन कोणी नव्याने लिहायला घेतले, तर त्याने पहिल्या दिवशी ‘बालमित्रांनो’ हा शब्द खोडावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

योगायोग असा की ब्रिटिशांनीही हा प्रवास नात्यांच्या वाटेनेच केला. १९२२मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या नभोवाणीवरील ‘चिल्ड्रन्स अवर’ या कार्यक्रमात निवेदक स्वतःला अंकल आणि आंट म्हणवून घेत. म्हणजे काका-मामा आणि मावशी-आत्या. टेलिव्हिजन आल्यावर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जेनिफर गे नावाच्या शाळकरी वयाच्या मुलीला मुलांच्या कार्यक्रमांची निवेदिका केले गेले. मग पुष्कळ वर्षे नुसताच आवाज, आणि १९८५मध्ये थोरला भाऊ. मुलाशी कोणत्या नात्याने बोलावे, याचा त्यांनी साठ वर्षे शोध घेतला. आपण एकदा निवेदिका नेमली आणि पुढे तिची खुर्चीच काढून टाकली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मधल्या माणसाची मुख्य कामगिरी कोणती, असे मला विचाराल, तर मी म्हणेन की तो ‘संपले’ असे सांगत असे. ब्रिटनमध्ये १९५७पर्यंत संध्याकाळी सहा ते सात या वेळात टेलिव्हिजन चक्क बंद असे, कारण त्या तासात आयांना मुले झोपवता यावीत, असे धोरण होते. जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीला तो तास तोट्याचा होता, तिने रेटा लावला आणि फेब्रुवारी १९५७मध्ये ती प्रथा गेली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, ११ फेब्रुवारी २००२ रोजी, बीबीसीने सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी ‘सीबीबीज’ ही स्वतंत्र वाहिनी काढली, आणि तिचे प्रक्षेपण रोज संध्याकाळी बरोबर सातला थांबू लागले. यामागे बालमानसशास्त्र वगैरे होते असे समजू नये. प्रक्षेपणाच्या ज्या जागेत ही वाहिनी दाखवली जाते, तीच जागा सातनंतर मोठ्यांच्या बीबीसी फोर या वाहिनीला द्यायची होती. दिवसा एक बिऱ्हाड, रात्री दुसरे. तथापि निवेदकांनी या अडचणीचे सोने केले. सातला दहा मिनिटे कमी असताना निजतानाची गोष्ट वाचली जाऊ लागली, त्यानंतर निवेदक शुभ रात्रीचे गाणे म्हणू लागले आणि मग खरोखरच पडदा मिटू लागला.

मुलीचे लग्न होऊन ती तिकडेच स्थायिक झाल्यावर, मी तिच्याकडे राहायला गेले असताना, हे मी नातवाच्या शेजारी बसून पाहिले आहे. तीन वर्षांचा तो पोर, ज्याला टीव्ही बंद कर म्हटल्यावर घर डोक्यावर घेण्याची कला अवगत होती, तो त्या गाण्यानंतर मुकाट्याने उठून दात घासायला जात असे. आईने बंद केले तर आई दुष्ट ठरते. पडद्यावरच्या ताईनेच ‘मी आता झोपायला चालले’ म्हटल्यावर भांडायचे कोणाशी?

त्या मुक्कामातली आणखी एक आठवण येथे सांगणे भाग आहे. २००९च्या आरंभी या वाहिनीवर सेरी बर्नेल या नव्या निवेदिका आल्या. त्यांचा उजवा हात जन्मतःच कोपरापर्यंत आहे. काही पालकांनी तक्रारी केल्या, लहान मुले घाबरतील असे म्हटले गेले, वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला, आणि त्याहून कितीतरी अधिक लोक बर्नेल यांच्या बाजूने उभे राहिले. त्या पुढे २०१७पर्यंत मुलांसाठी काम करीत राहिल्या. माझ्या नातवाने पहिल्या दिवशी, ‘हिचा हात कुठे गेला,’ असे विचारले, ‘जन्मतःच तसा आहे’ असे आईने सांगितले, विषय संपला. २०२१मध्ये त्याच वाहिनीने डाउन सिंड्रोम असलेल्या जॉर्ज वेब्स्टर या तरुणाला निवेदक म्हणून घेतले. ‘सर्वसमावेशक’ हा आपल्या शासकीय परिपत्रकांचा आवडता शब्द आहे. एखाद्या मालिकेत एका भागापुरते अपंग पात्र दाखवणे सोपे असते. रोज सकाळ-संध्याकाळ घरात येऊन ‘काय रे, उठलास का’ असे विचारणारा माणूस तसा असणे, ही गोष्ट फार वेगळी आहे, आणि ती निवेदकाच्या जागेवरच शक्य होते.

आता या चित्राची काळी बाजू. रोज घरात येणारा माणूस मुलाला घरातला वाटतो, आणि घरातला माणूस काही विकू लागला तर मूल ते विकत मागते. अमेरिकेत हे फार आधी लक्षात आले, कारण तेथील स्थानिक केंद्रांवर मुलांचे कार्यक्रम सादर करणारी मंडळीच मधूनमधून खाऊची आणि खेळण्यांची जाहिरातही करीत. त्यांच्या संघराज्य दळणवळण आयोगाने १९७४मध्ये याविरुद्ध धोरण जाहीर केले. मुलांच्या कार्यक्रमाच्या निवेदकाने किंवा पात्राने त्याच कार्यक्रमात माल विकू नये, आणि कार्यक्रम व जाहिरात यांच्यामध्ये लहान मुलाला कळेल अशी स्पष्ट सीमारेषा असावी, असे त्यात म्हटले होते. जाहिरातींनंतर आम्ही परत येत आहोत, असे सांगणारे छोटे तुकडे तेथे मुलांच्या कार्यक्रमांत दिसू लागले ते यामुळे. अगदी लहान मुलांना गोष्ट कोठे संपली आणि विक्री कोठे सुरू झाली हे ओळखता येत नाही, हे त्यामागचे कारण होते, आणि कोणत्याही बालवाडीच्या बाईंनी ते आयोगाला फुकट सांगितले असते.

पन्नास वर्षांपूर्वी जे चूक ठरले होते, ते आज माझी नात मोबाइलवर रोज पाहते. एक हसतमुख ताई किंवा तिच्याच वयाचा मुलगा खेळण्यांचे खोके उघडतो, आनंदाने किंचाळतो, आणि तोच कार्यक्रम असतो, तीच जाहिरात असते, तोच निवेदकही असतो. तो संपण्याआधी पुढच्या व्हिडिओचे चित्र कोपऱ्यात उमटते, उलटे आकडे मोजले जातात आणि तो आपोआप सुरू होतो. आकडे तेच, कपाटातल्या दादाच्या कानात मोजले जात असत तसे. ते संपल्यावर बोलायला कोणी नसते. माझी नात सहा वर्षांची आहे, म्हणजे तिची आत्या तेव्हा होती तेवढीच. तिला मी एकदा विचारले, “आत्ता काय संपलं गं?” तिला सांगता आले नाही. तिच्या दृष्टीने काहीच संपले नव्हते.

दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या वाहिन्यांचीही स्थिती निराळी नाही. कार्टून, जाहिरात, त्याच वाहिनीची पुढच्या कार्टूनची झलक, पुन्हा कार्टून. मराठीत भाषांतर केलेले आवाज ऐकू येतात, पण ते जपानी किंवा अन्य कोणत्या तरी पात्राच्या ओठांच्या हालचालीत बसवलेले असल्यामुळे त्यांची वाक्ये लंगडी असतात, आणि मुख्य म्हणजे ते आवाज आमच्या नातीशी बोलत नसतात. आज गुढीपाडवा आहे, उद्यापासून शाळा आहे, सांगलीच्या एका मुलाने बेडकाचे चित्र पाठवले आहे, असे सांगायला त्यांत जागाच नाही.

ब्रिटनमध्येही सर्व काही टिकले आहे असे नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. बीबीसीची ती छोटी खोली १९९४मध्ये सुटली आणि मोठ्या, रंगीबेरंगी स्टुडिओत अधिक निवेदक आले. मला तो बदल तितकासा रुचला नाही, कारण चार जण एकमेकांशी विनोद करू लागले की घरातले मूल पुन्हा खिडकीबाहेरचे होते. आयटीव्हीने २००४मध्ये पडद्यावरचे निवेदक काढून टाकले आणि पुढे काढलेली मुलांची वाहिनी २०२३मध्ये बंद केली. बीबीसी वन या मुख्य वाहिनीवरचे मुलांचे कार्यक्रम २०१२च्या अखेरीस थांबले, आणि मोठ्या मुलांसाठीची सीबीबीसी वाहिनीही काही वर्षांत केवळ इंटरनेटवर जाईल, असे २०२२मध्ये जाहीर झाले आहे.

मग आपण हे आता का मागावे, असा प्रश्न येईल. माझे उत्तर असे की आपल्याकडे त्यासाठी लागणारे सर्व काही आहे आणि ते फार महाग नाही. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४च्या नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिरातींसाठी घेता येतात. त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. ही दोन मिनिटे आज कर्कश झलकांवर खर्च होतात. त्याच दोन मिनिटांत एका माणसाने कॅमेऱ्याकडे पाहून पुढे काय आहे ते सांगितले, तर प्रसिद्धीही होईल आणि मुलाशी दोन शब्दही बोलले जातील. जाहिरातींचा एक रुपयाही त्यामुळे बुडत नाही. ज्यांचे पोट जाहिरातींवर अवलंबून नाही, त्या दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने तर यात पुढाकार घ्यावा. टाळेबंदीच्या काळात, २०२०मध्ये, याच वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिकेने शाळा घरात आणून दाखवली होती. मराठी मुले आणि त्यांचे पालक ठरल्या वेळी संचापुढे बसतात, हे तेव्हा सिद्ध झालेले आहे.

अट एवढीच असावी की निवेदन त्याच दिवशीचे असावे. महिनाभराचे एकदम चित्रित करून ठेवले की त्यात पाऊस येत नाही, सुट्टी येत नाही, कोणाचा वाढदिवस येत नाही. निवेदक नट असलाच पाहिजे असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत असे गुरुजी आणि बाई मी पाहिल्या आहेत, ज्यांना चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला आपल्याशीच बोलत आहेत असे वाटते. भाषाही एकाच शहराची नको. आठवड्यातले दोन दिवस वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाचे बोलणारी ताई आली, तर पुण्यातल्या मुलांचे कान जरा उघडतील. आणि त्याने काहीही विकू नये, हे करारातच लिहून घ्यावे.

‘आजकालची मुले थांबून ऐकत नाहीत,’ असा एक आक्षेप मला माझ्याच मुलाने घेतला. त्याचे म्हणणे मी ऐकून घेतले आणि मागच्या रविवारी एक प्रयोग केला. नातीचा व्हिडिओ संपत आला तसा मी मोबाइल उलटा ठेवला, तिच्यासमोर पाटावर बसले, आणि हातमोज्याचा एक उंदीर करून पुढच्या कार्टूनची घोषणा केली. उंदीर काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, तूच सांग, असे म्हटल्यावर पाऊण तास गेला. कार्टून राहूनच गेले.

सह्याद्री वाहिनीकडे मी या मागणीचे स्वतंत्र पत्र पाठवत आहे. त्यासोबत नातीने काढलेले त्या उंदराचे चित्र जोडले आहे. खोली मिळाली आणि भिंत मोकळी असली, तर निवेदकाच्या डाव्या खांद्यामागे, कॅमेऱ्यात दिसेल अशा बेताने ते लावावे, असे तिने चित्राच्या पाठीमागे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पुणे